प्रॅक्टिकलने थिअरी पक्की होते का? एका गाजलेल्या लेखाची उलटतपासणी

'प्रॅक्टिकल नीट करा, थिअरी आपोआप पक्की होईल.' अकरावीपासून एमएस्सीपर्यंत हे वाक्य तुम्ही इतक्यांदा ऐकलंय की ते खरं आहे का, हा प्रश्नही पडत नाही. आज ज्या लेखाबद्दल लिहितोय, त्यात दोन भौतिकशास्त्रज्ञांनी नेमका हाच प्रश्न विचारला, मोजणी केली आणि उत्तर आलं: नाही होत. लेख आहे नताशा होम्स आणि कार्ल वायमन यांचा, 'फिजिक्स टुडे'च्या जानेवारी 2018 च्या अंकातला. नाव 'इंट्रोडक्टरी फिजिक्स लॅब्ज: वी कॅन डू बेटर'.

वायमन म्हणजे 2001 चं भौतिकशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यांतले एक. बोस-आइनस्टाइन कंडेन्सेटवरचं काम. नंतर ते विद्यार्थी शिकतात कसे, या संशोधनाकडे वळले. होम्स यांचं तर सगळं संशोधनच प्रयोगशाळेतल्या शिकण्यावर आहे. म्हणजे आयुष्य लॅबमध्ये घालवलेली ही माणसं आहेत, लॅबवर राग असणारी नाहीत. लेख सोपा आहे आणि बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही वाचता येईल. तो मला आवडतो, आणि तरी त्याच्याशी माझी दोन-तीन मोठी भांडणं आहेत. आधी त्यात काय आहे ते बघू, मग भांडू.

मोजलं कसं?

समजा तुम्हाला शोधायचंय की लॅबमुळे थिअरीच्या पेपरला फायदा होतो का. पहिला सुचणारा मार्ग असा: लॅब केलेल्या मुलांचे मार्क घ्या, न केलेल्यांचे घ्या, वजाबाकी करा. झालं?

नाही झालं. जिथे लॅब ऐच्छिक असते तिथे ती कोण घेतं? बरेचदा ज्यांना विषयात रस आहे ते घेतात, किंवा ज्यांच्या डिग्रीला ती लागते ते. ती मुलं लॅबशिवायही जास्त मार्क मिळवू शकली असती. म्हणजे फरक दिसला तरी तो लॅबचा की मुलांचा, हे कळणार नाही. निवडीमुळे येणारा हा घोळ संशोधनात पदोपदी भेटतो.

होम्स, वायमन आणि सहकाऱ्यांनी यावर छान तोड काढली. त्यांनी परीक्षेतले प्रश्नच दोन गटांत वाटले. एका गटात लॅबमध्ये ज्याचा प्रयोग केला होता त्या विषयावरचे प्रश्न, दुसऱ्या गटात ज्याचा प्रयोग नव्हता त्या विषयांवरचे. आता हुशारीचा किंवा आवडीचा फायदा दोन्ही गटांच्या प्रश्नांत सारखाच दिसायला हवा. लॅबचा स्वतःचा म्हणून काही फायदा असेल, तर तो फक्त पहिल्या गटात जास्तीचा दिसेल.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. लॅब केलेल्यांना प्रयोगाशी संबंधित प्रश्नांत सरासरी 70, न केलेल्यांना 62. आठ मार्कांचा फरक, लॅबवाले खूश. पण ज्यांचा प्रयोगच नव्हता त्या प्रश्नांत लॅबवाल्यांना 68 आणि बाकीच्यांना 60. इथेही आठच. मग लॅबच्या पदरात काय पडलं? शून्य.

प्रत्यक्षात त्यांनी तीन संस्थांमधल्या नऊ कोर्सेसची, जवळपास 3000 विद्यार्थ्यांची माहिती अशी तपासली. हे सगळे कोर्स असे होते की ज्यांचा जाहीर हेतूच 'लेक्चरमध्ये शिकवलेलं पक्कं करणं' हा होता. निकाल: परिणाम कुठेही 2 टक्क्यांहून मोठा नव्हता, आणि संख्याशास्त्राच्या हिशेबाने तो शून्यापासून वेगळा काढता येत नव्हता. नऊच्या नऊ ठिकाणी. शिक्षक वेगळे, संस्था वेगळ्या, उत्तर तेच.

रचनेपुरतं बोलायचं तर हे काम आदर्श आहे. प्रश्न लहान, तुलना चोख, आणि 'मुलंच वेगळी होती' ही सर्वांत मोठी शंका आधीच बंद केलेली. रिसर्च प्रपोजल लिहिताना 'माझ्या निकालाचं दुसरं काय स्पष्टीकरण असू शकतं?' हा प्रश्न स्वतःला कसा विचारायचा, ते इथून उचला.

मग लॅबमध्ये मुलं करत काय होती?

लेखाचा पुढचा भाग मुलाखतींवर आहे. विद्यार्थ्यांना विचारलं, प्रयोग करताना तुम्ही डोकं कुठे वापरलंत? ठरीव प्रयोग करणाऱ्यांकडून आलेलं उत्तर वाचून हसू येतं आणि वाईटही वाटतं. आकडेमोड करताना आणि वेळेत संपेल की नाही याचा अंदाज घेताना, एवढंच. उद्दिष्ट आधीच ठरलेलं, उपकरण मांडून ठेवलेलं, पायऱ्या छापलेल्या, उत्तर माहीत. ठरवायला काही उरतच नाही.

हे वाचताना तुम्हाला आपली लॅब आठवली नाही तरच नवल. आपल्याकडे तर त्यावर आणखी एक मजला चढवलेला आहे: जर्नल. एम, अपॅरेटस, फॉर्म्युला, ऑब्झर्व्हेशन टेबल, कॅल्क्युलेशन, रिझल्ट. एका टेबलाभोवती चार-पाच जण. हात एकाचे, बाकीचे रीडिंग उतरवून घेणार. रिझल्ट आला नाही तर मागच्या वर्षीच्या कुणाचं तरी जर्नल असतंच. 'रीडिंग जुळवणं' हा आपल्या भाषेतला अगदी सर्वमान्य वाक्प्रचार आहे, आणि तो कुणी चोरटेपणाने वापरत नाही. जर्नल सर्टिफाय झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही, सर्टिफाय व्हायला रिझल्ट 'बरोबर' लागतो, मग रीडिंग जुळवावंच लागतं. मुलं लबाड आहेत म्हणून हे घडत नाही. जे मोजलं त्याला मार्क नाहीत आणि जे यायला हवं होतं त्याला मार्क आहेत, म्हणून घडतं.

लेखकद्वयाचा युक्तिवाद इथे नेमका बसतो. लॅबला थिअरीची नोकर करून ठेवलं की ती नोकरीही नीट होत नाही आणि लॅबचं स्वतःचं जे काम आहे तेही राहून जातं. स्वतःचं काम म्हणजे काय? काय मोजायचं, किती अचूक मोजायचं, एवढं पुरे की नाही, आकडा अपेक्षेशी जुळला नाही तर दोष हाताचा, यंत्राचा की सूत्राचा, हे ठरवायला शिकणं.

लोलकाची गोष्ट

हे सगळं हवेत वाटू नये म्हणून त्याच गटाचं आधीचं एक काम बघा. होम्स, वायमन आणि डग बॉन यांचा पेपर 2015 साली 'पीएनएएस'मध्ये आला. जागा: कॅनडातलं ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ, पहिल्या वर्षाची लॅब. प्रयोग आपल्या ओळखीचा, साधा लोलक.

मुलांना सांगितलं, लोलक एकदा 10 अंशांतून सोडा, एकदा 20 अंशांतून. आंदोलनाचा काळ मोजा आणि तुलना करा. पुस्तक म्हणतं की काळ कोनावर अवलंबून नाही. पहिल्या फेरीत दोन्ही आकडे चुकीच्या मर्यादेत सारखेच येतात. आपल्याकडे इथे रिझल्ट लिहून वही मिटते. तिथे पुढचा प्रश्न होता: तुमची मोजणी आणखी चांगली करता येईल का? करा आणि पुन्हा तुलना करा.

आता आपण हिशेब करू. एक मीटर लांबीचा लोलक घेतला तर एका आंदोलनाला साधारण 2 सेकंद लागतात. कोन वाढला की काळ किंचित वाढतो. 10 आणि 20 अंशांतला फरक जवळपास 0.6 टक्के. म्हणजे एका आंदोलनात सेकंदाचा शंभरावा भाग. स्टॉपवॉच दाबताना हाताचीच चूक 0.1 ते 0.2 सेकंद होते, त्यात हा फरक बुडून जातो. पण 20 आंदोलनं सलग मोजलीत तर फरक 0.23 सेकंद होतो, म्हणजे दिसू लागतो. 50 मोजलीत तर अर्ध्या सेकंदाच्या वर जातो. आता तो लपत नाही. अर्थात तेवढ्या वेळात लोलकाचा झोका कमी होतो, कोन 20 अंश राहत नाही, म्हणून दिसणारा फरक हिशेबापेक्षा कमी भरेल आणि नवीन प्रश्न उभा राहील. हाच तर मुद्दा आहे. महागडं यंत्र आणलं नाही, मोजायची पद्धत बदलली, आणि पुस्तकातलं सूत्र 'अंदाजे' खरं आहे हे विद्यार्थ्याने आपल्या आकड्यांतून पकडलं.

तुलना करा, सुधारा, पुन्हा तुलना करा, हा क्रम प्रयोगामागून प्रयोग चालला. सुरुवातीला सूचना देऊन, मग हळूहळू सूचना काढून घेत. या मुलांची तुलना नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्या तुकडीशी केली. प्रयोगाची पद्धत आपणहून सुधारण्याचं प्रमाण नव्या तुकडीत 12 पट होतं. आपल्या आकड्यांच्या आधारे सूत्राची मर्यादा ओळखून ती समजावून सांगण्याचं प्रमाण चौपट. आणि हा फरक पुढच्या वर्षाच्या कोर्समध्येही टिकला.

आता भांडणं

पहिलं भांडण लेखाशी कमी आणि तो वापरणाऱ्यांशी जास्त आहे. 'नोबेल विजेते म्हणतात लॅबचा उपयोग नाही' असं एक वाक्य काढून कुणीही कॉलेजची लॅब बंद करायला निघू शकतो. लॅब असिस्टंटची जागा भरायची नाही, केमिकल्सचं बजेट कापायचं, तासिका कमी करायच्या आणि वर संगणकावर सिम्युलेशन दाखवून मोकळं व्हायचं, याला हे वाक्य फारच सोयीचं आहे. पण मोजलं काय होतं? थिअरीच्या प्रश्नांतले मार्क. 'लॅबमुळे थिअरीचे मार्क वाढत नाहीत' आणि 'लॅबमधून काही मिळत नाही' ही दोन वेगळी विधानं आहेत. दुसरं या अभ्यासातून निघत नाही. निष्कर्ष काढताना मोजमापाच्या पुढे पाऊल टाकायचं नाही, हा नियम पेपर लिहिणाऱ्याइतकाच वाचणाऱ्यालाही लागू आहे.

यात एक गंमत आहे. वायमन यांनीच 2002 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात 'फेट' हा सिम्युलेशनचा प्रकल्प सुरू केला. संकल्पना समजायला सिम्युलेशन चांगलं, हे त्यांनी स्वतः दाखवून दिलेलं आहे. पण सिम्युलेशनमधला दोरा लांबत नाही, गाठ सरकत नाही, पंख्याचा वारा लागत नाही. म्हणून संकल्पनेचं ओझं सिम्युलेशनकडे दिलंत, तर खऱ्या लॅबला तिच्या खऱ्या कामासाठी वेळ मोकळा होतो. लॅबच काढून टाकायचं कारण मात्र यातून मिळत नाही.

दुसरं भांडण पुराव्याच्या दर्जाशी आहे, आणि ते लेखकांशीच आहे. पहिल्या भागात 'मुलंच वेगळी होती का?' ही शंका त्यांनी किती काळजीने दूर केली ते आपण पाहिलं. मुलाखतींच्या भागात तीच काळजी सैल पडते. खऱ्या संशोधन प्रकल्पात काम केलेल्या पदवीच्या विद्यार्थ्यांनी पुष्कळ विचार केला, ठरीव लॅबमधल्यांनी कमी केला, असं चित्र तिथे उभं राहतं. पण प्रकल्पात जातं कोण? जो प्राध्यापकांचं दार ठोठावतो तो. आणि आपण विचार केला की नाही, हे सांगणारेही विद्यार्थी स्वतःच. निष्कर्ष कदाचित बरोबरच असेल, मलाही तसंच वाटतं, पण पहिल्या भागाच्या तोलामोलाचा पुरावा तिथे नाही. नामवंत लेखकांच्या लेखातही एका पानाची ताकद दुसऱ्या पानाला आपोआप मिळत नाही.

2015 च्या पेपरबद्दलही एक सावधगिरी. ज्या दोन तुकड्यांची तुलना केली त्या दोन वेगवेगळ्या वर्षांच्या होत्या. चिठ्ठ्या टाकून एकाच वर्षाच्या मुलांचे दोन गट पाडलेले नव्हते. आणि '12 पट' ऐकलं की आधी विचारा, कशाच्या 12 पट? मुळात 2 टक्के मुलं करत असतील तर 12 पट म्हणजे 24 टक्के. मुळात 8 टक्के करत असतील तर जवळजवळ सगळी. पेपरमध्ये आलेख दिलेले आहेत. 'पट' सेमिनारमध्ये सांगण्याआधी टक्के बघून घ्या.

तिसरं भांडण विषयाच्या आवाक्याचं. लेख भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा आहे, आणि शीर्षकातच ते सांगून टाकलंय. पण आपण तो वाचतो आणि 'सगळ्या प्रॅक्टिकल्स'बद्दल बोलू लागतो. वनस्पतिशास्त्रातला खोडाचा बारीक छेद पन्नास वेळा चुकल्याशिवाय जमत नाही. टायट्रेशनच्या शेवटच्या थेंबाला गुलाबी छटा किती यावी, हे डोळ्याला वळण लागल्याशिवाय कळत नाही. मायक्रोस्कोप, पिपेट, सोल्डरिंग, सगळ्याला हात बसावा लागतो आणि त्यासाठी तीच ठरीव कृती पुन्हा पुन्हा करावी लागते. तिथे छापलेल्या पायऱ्या शत्रू नाहीत. निर्णय घ्यायला शिकणं आणि हाताला वळण लावणं ही दोन वेगळी शिक्षणं आहेत, आणि लेखाचं लक्ष पहिल्यावरच आहे. तुम्ही केमिस्ट्री किंवा मायक्रोबायोलॉजीचे असाल, तर हा लेख जसाच्या तसा अंगाला लावून घेऊ नका.

संधी कुणाला?

लेखाला जिथे हातच घातलेला नाही अशी एक गोष्ट आपल्यासाठी सर्वांत मोठी आहे. खरं संशोधन करून शिकणं उत्तम, हे मान्य. पण ते मिळणार कुणाला?

आपल्याकडे दारं आहेत. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची समर रिसर्च फेलोशिप देतात. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने 2004 मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी एनआययूएस हा उपक्रम सुरू केला. यांतून तयार झालेली मुलं पुढे चांगलं काम करताना दिसतात. पण अर्जाला काय लागतं ते बघा. मार्क, प्राध्यापकांचं शिफारसपत्र, आपल्याला काय करायचंय याचं लिखाण. ज्या कॉलेजात शिक्षकांच्या जागाच रिकाम्या आहेत आणि तासाला येणाऱ्या सरांकडे शंभर मुलं आहेत, तिथल्या मुलीला शिफारसपत्र कोण देणार आणि त्यात लिहिणार काय?

यूजीसीच्या डिसेंबर 2022 च्या आराखड्यात चार वर्षांच्या पदवीत संशोधनाचा मार्ग आहे, ही चांगली गोष्ट. पण त्या मार्गाला जायची अट आहे पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के. म्हणजे लेखी परीक्षेत चांगले मार्क मिळवलेत तर बक्षीस म्हणून लॅबमध्ये स्वतःचा प्रश्न शोधायला मिळेल.

इथे मोह होतो म्हणायचा की 'बघा, होम्स-वायमन यांनीच सिद्ध केलंय, मार्कांचा आणि प्रयोगाच्या कौशल्याचा संबंध नाही!' नाही, ते त्यांनी सिद्ध केलेलं नाही. लॅब केल्याने मार्क वाढत नाहीत एवढं त्यांनी दाखवलं. मार्क असलेले प्रयोगात चांगले असतात की नसतात, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याला वेगळा अभ्यास लागेल. पण 75 टक्क्यांची अट घालणाऱ्यांकडे तरी त्याचं उत्तर मागायला हवं की नाही? अट घालणाऱ्याने पुरावा द्यायचा असतो. आणि पुरावा काहीही निघो, निर्णय घ्यायची पहिली संधी चौथ्या वर्षी आणि निवडक मुलांनाच द्यायची, ही रचना मुळातच उलटी आहे. लोलकाचा प्रयोग पहिल्या वर्षी सगळेच करतात. सुरुवात तिथूनच होऊ शकते.

मोठ्या संख्येने हे करता येतं याचं एक उदाहरण अमेरिकेत आहे. हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूटने 2008 मध्ये सुरू केलेल्या 'सी-फेजेस' कार्यक्रमात पहिल्या वर्षाची मुलं आपल्या आवारातली माती आणतात, तिच्यातून जिवाणूंना मारणारे विषाणू, म्हणजे बॅक्टेरिओफेज, वेगळे काढतात आणि त्यांना नावं देतात. काहींचा जीनोम वाचला जातो आणि ती माहिती सार्वजनिक डेटाबेसमध्ये जाते. मार्कांची चाळणी नाही. कोर्स घेतला की संशोधन आलंच. जीनोम वाचायला पैसा लागतो हे खरं. पण मातीतून फेज वेगळा काढणं हे साध्या मायक्रोबायोलॉजी लॅबच्या आवाक्यातलं काम आहे. होम्स आणि वायमन यांनी शिकवण्याची पद्धत दिली. संधी कशी वाटायची, हा प्रश्न त्यांच्या लेखात नाही, आणि आपल्याकडे तोच आधी येतो.

तुमच्या हातात काय आहे?

सिलॅबस तुम्ही बदलू शकत नाही, जर्नलही सुटणार नाही. पण पुढच्या वेळी लोलकाशी उभे राहाल तेव्हा एक करून बघा. पुस्तकात g ची किंमत 9.8 किंवा 9.81 दिलेली असते. ती पृथ्वीवर सगळीकडे सारखी नाही. विषुववृत्ताजवळ कमी, ध्रुवांकडे जास्त. आपल्या महाराष्ट्रात ती 9.78 ते 9.79 च्या दरम्यान आहे. म्हणजे रीडिंग जुळवून जो 9.81 आणतो तो युरोपातली किंमत कोल्हापुरात बसून लिहीत असतो, आणि ज्याला प्रामाणिकपणे 9.78 मिळाली तो 'एरर' म्हणून खोडतो.

तुम्हाला 9.78 आणि 9.81 यांतला फरक खरोखर पकडता येईल का? फरक 0.3 टक्के. एक मीटरच्या लोलकाच्या 20 आंदोलनांत तो फक्त 0.06 सेकंद दिसतो. हाताच्या चुकीत गडप. 100 आंदोलनांत 0.3 सेकंद. म्हणजे 100 मोजावी लागतील, तीही चार-पाचदा. कोन लहान ठेवावा लागेल, नाहीतर मघाचाच परिणाम मध्ये येईल. आणि लांबी? तिथे 3 मिलिमीटरची चूक झाली की सगळा फरक खाऊन टाकते. मग गाठीपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजलंत की कडेपर्यंत, हा प्रश्न एकदम जिवंत होतो. जर्नलमध्ये सरांना हवा तो तक्ता द्या. पण वहीच्या मागच्या पानावर खरी रीडिंग्ज ठेवा, एकही न खोडता, आणि खाली लिहा की पुढच्या वेळी काय बदलाल. हे करायला परवानगी लागत नाही, 75 टक्केही लागत नाहीत.

आणि इंटर्नशिप किंवा प्रोजेक्ट शोधत असाल तर संस्थेच्या नावाआधी तीन गोष्टी विचारा. पहिली, यातलं मी काय ठरवणार? सगळंच ठरलेलं असेल तर तुम्ही नावापुरते संशोधक, कामाला मजूर. दुसरी, प्रयोग फसला तर पुन्हा करायला वेळ आहे का? दोन आठवड्यांच्या सर्टिफिकेट कोर्समध्ये तो बहुतेक नसतो. तिसरी, माझी कच्ची रीडिंग्ज कोण बघणार? फक्त शेवटचा रिपोर्ट बघणार असतील, तर पुन्हा रीडिंग जुळवायची सवय लागेल.

मोठ्या संस्थेत दोन महिने दुसऱ्याच्या मशीनचं बटण दाबण्यापेक्षा, आपल्याच कॉलेजच्या लॅबमध्ये एका सरांबरोबर एकच प्रश्न वर्षभर धरून बसणं कधीकधी जास्त शिकवतं. पीएचडीच्या मुलाखतीत समोरच्याने 'तुमचा आकडा अपेक्षेप्रमाणे आला नाही तेव्हा तुम्ही काय केलंत?' असं विचारलं, तर सांगायला तुमच्याकडे काहीतरी असेल. हा प्रश्न विचारला जातोच असं नाही, पण विचारला तर सर्टिफिकेटकडे त्याचं उत्तर नसतं.

होम्स-वायमन यांचा लेख जरूर वाचा. वाचताना हातात पेन्सिल ठेवा, आणि जिथे 'हे कसं कळलं?' असं वाटेल तिथे समासात खूण करा. पहिल्या भागात खुणा कमी होतील, मुलाखतींच्या भागात जास्त. मग तुमच्या बॅचच्या तिघा-चौघांबरोबर बसून खुणा पडताळून बघा. एवढ्यासाठी तर कुठल्या फेलोशिपचीही वाट बघायला नको.